सासऱ्यांच्या खुर्चीपुरती शांतता

हॉलच्या बरोबर मधोमध सासऱ्यांची खुर्ची होती. आधी खुर्ची ठेवली आणि मग तिच्याभोवती घर बांधलं, असं जावयाला वाटायचं. एकदा त्यानं बायकोला तसं बोलूनही दाखवलं होतं. "साधारण तसंच," ती म्हणाली होती. खुर्चीच्या चार पायांनी फरशीत चार खळगे पाडले होते. टीव्ही, सोफा, पंखा आणि घरातली माणसं त्या चार खळग्यांच्या हिशेबानं मांडलेली होती.

लग्न झाल्यापासून जावई इथंच राहत होता. घरजावई हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. गरजच पडली नव्हती. सासू-सासरे माणसं भली. पण आपण स्वतः आणलेलं आणि आपण ठेवलं तिथंच राहिलेलं असं या घरात काय काय आहे, हे त्यानं एकदा आंघोळ करताना मोजायला घेतलं आणि अंग पुसायच्या आत मोजून झालं. एक दाढीचं मशीन आणि एक छत्री. छत्री सासरेच वापरत. मध्यंतरी त्यानं हॉलमध्ये एक कुंडी आणून ठेवली होती. ती आठवडाभरात खिडकीत गेली, मग मागच्या दारी गेली, आणि मग तिचा ठावठिकाणा लागला नाही. कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. कुंडी जणू आपल्या पायांनी चालत निघून गेली होती.

म्हणून त्यानं सबवूफर, म्हणजे सिनेमातला दणका काढणारा मोठा स्पीकर, घ्यायचं ठरवलं. सबवूफर जड असतो.

सासऱ्यांनी नाही म्हटलं नाही. ते कधीच नाही म्हणत नसत. ते तारीख देत. "आणा," पेपर खाली न करता ते म्हणाले. "रविवारी संध्याकाळी मी बसून ऐकेन. पटलं तर राहील हॉलमध्ये. नाही पटलं तर आला तिथं परत."

"सिनेमा बघताना फरक कळेल बाबा तुम्हाला."

"कळायचा असेल तर कळेल. मला कान आहेत."

दुकानात माल दाखवणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. गाता येत नसलं तरी ऐकावं त्यानंच, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्यानं स्वतःच पसरवली होती. तो स्पीकरच्या प्रत्येक डब्याला आधी टिचकी मारायचा, मग कान लावायचा, आणि मग रिपोर्ट हातात आलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करायचा.

"शेजारी कोण आहे?" त्यानं पहिला प्रश्न विचारला.

"भिंतीला भिंत लागून. रिटायर्ड इंजिनिअर."

"म्हणजे तेही ऐकणार. बरं. सबवूफर दोन जातींचे. एक बंद डब्याचा, एक भोकाचा. बंद डब्याचा मोजकं बोलतो आणि वेळेवर थांबतो. भोकाचा मोठ्यानं बोलतो आणि विषय संपला तरी थोडा वेळ बोलतच राहतो. घरातली माणसं कशी आहेत?"

"भोकाची," जावई म्हणाला.

"मग बंद डब्याचा न्या. दोन्ही एकाच जातीचे झाले की कुणाचंच कळत नाही."

अ‍ॅम्प्लिफायरचंही त्यानं समजावून सांगितलं. सबवूफरच्या पोटात त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. तो कुणावर अवलंबून नसतो. बाकीच्या स्पीकरांना मात्र रिसीव्हर लागतो. रिसीव्हर घरातल्या मोठ्या सुनेसारखा सगळ्यांना कामं वाटून देतो: बोलणं मधल्याकडे, गाणं बाजूच्यांकडे, आणि ज्यानं छातीत धडकी भरते ते सगळं सबवूफरकडे. "आणि पॉवर कमी घेऊ नका," कानसेन म्हणाला. "अ‍ॅम्प्लिफायर कमी पडला की दमतो, आणि दमला की स्पीकर जाळतो. स्वतः धड राहतो, दुसऱ्याला जाळतो. माणसाचंच घ्या ना."

जावयानं माणसाचं घेतलं, आणि रिसीव्हर एक नंबर मोठा घेतला.

शुक्रवारी सामान आलं, बरोबर ते बसवायला कानसेनही आला. "हे काय, नवीन वॉशिंग मशीन?" सासूनं विचारलं. सबवूफर आहे म्हटल्यावर तिनं त्याला एक प्रदक्षिणा घातली आणि वर फ्लॉवरपॉट शोभेल असं मत दिलं. कानसेननं डबा टीव्हीच्या उजवीकडे ठेवला, कारण तिथं तो छान दिसत होता. वायरी भिंतीच्या कडेनं नेल्या, आणि ज्यात एक बोट बुडते असा सिनेमा लावला.

बोट बुडाली. स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं नाचली. काचेच्या कपाटातल्या कपबशा एकमेकींना भेटायला निघाल्या. सासू कुकर फुटला असं समजून पदराला हात पुसत धावत आली. भिंतीवरचा कुटुंबाचा फोटो तिरका झाला आणि त्यातला आधीच कडेला उभा असलेला जावई आणखी खाली गेला. पलीकडून इंजिनिअरांनी भिंतीवर दोनदा थापटलं.

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "लावा ना आता."

"लावलंय बाबा."

"कधी?"

कानसेन सोफ्यावर बसून आला. दणका होता. दारात उभा राहून आला. तिथंही होता. मग तो खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला आणि सासऱ्यांच्या गालाला गाल लावण्याइतका जवळ जाऊन त्यानं डोळे मिटले. सासऱ्यांनी हे होऊ दिलं, कारण असं काही होऊ शकतं याची त्यांना कल्पनाच नव्हती.

"खरंच की," कानसेन म्हणाला. "इथं काहीच नाही."

त्याचं म्हणणं असं: आवाज डब्यातून निघतो, भिंतीवर आपटतो आणि परत येतो. जाणारा आणि येणारा एखाद्या जागी समोरासमोर भेटतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. त्याला खड्डा म्हणायचं. खड्डा प्रत्येक खोलीत असतो आणि बहुतेक वेळा बरोबर मध्यावर असतो. "लोक तिथं टीपॉय ठेवतात," तो म्हणाला.

पहिला उपाय त्याला असा सुचला की अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवावा. ही त्याची चूक होती. खड्ड्यात जेवढं टाकावं तेवढं खड्डा खातो. सासूनं कपाटातल्या कपबशा काढून पलंगावर, गादीत गुंडाळून ठेवल्या. खुर्चीत मात्र रविवार सकाळसारखी शांतता. मग त्यानं डब्यामागचं फेजचं बटण फिरवून पाहिलं. त्यानं डबा हवेला आधी ढकलायच्या ऐवजी आधी ओढतो. हवेला काही फरक पडला नाही, सासऱ्यांनाही नाही.

"एक सोपं आहे," कानसेन शेवटी म्हणाला. "खुर्ची हातभर मागं घेतली, की..."

सासू काहीतरी गॅसवर ठेवल्यासारखी आत गेली. बायकोला फोनमध्ये महत्त्वाचं काम निघालं. जावयानं चार खळग्यांकडे बघितलं.

"डबा माझ्यासाठी आणलाय," सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "की मी डब्यासाठी?"

राहिलेला एकच मार्ग कानसेननं जावयाला दाराबाहेर नेऊन सांगितला. सबवूफर उचलायचा आणि ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर बसवायचा. चालू करायचा. मग आपण खोलीभर रांगायचं, कान डब्याच्या उंचीला ठेवून. जिथं सगळ्यात स्वच्छ आणि भारी ऐकू येईल, ती डब्याची कायमची जागा. रस्ता तोच, इकडून तिकडे जाईल तसा तिकडून इकडे येईल.

जावयानं आत जाऊन हा प्रस्ताव मांडला. सासऱ्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"माझ्या खुर्चीत डबा बसणार नाही," ते म्हणाले. "मी असताना नाही. मी आंघोळीला गेलो म्हणूनही नाही."

"हो बाबा."

"रविवारपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

शनिवारी दुपारची जेवणं आटोपल्यावर कानसेन पुन्हा आला. रिसीव्हरबरोबर एक माईक येतो. तो ऐकणाऱ्याच्या कानाशी ठेवला की रिसीव्हर स्वतःच नाना आवाज काढतो, स्वतःच ऐकतो आणि सगळ्यांची मापं ठरवतो. खड्डा त्यानं बुजणार नव्हता, हे कानसेनला माहीत होतं, पण रिकाम्या हातानं येण्यापेक्षा बरं. त्यानं माईक स्टँडवर लावून सासऱ्यांच्या खांद्यापाशी उभा केला आणि बटण दाबलं. टीव्हीवर अक्षरं आली: खोलीत आवाज आहे. शांतता करून पुन्हा प्रयत्न करा.

पंखा बंद केला. पुन्हा तेच. फ्रिज बंद केला, सासूला मिक्सर थांबवायला सांगितला, दारं-खिडक्या लावल्या. खोलीत आवाज आहे.

आवाज कुठून येतोय हे कानसेन, जावई आणि बायको, तिघांनाही दिसत होतं. सासरे डोळे मिटून, हनुवटी छातीला टेकवून बसले होते, आणि रिकामा ट्रक चढावर पहिला गिअर टाकून थांबावा तशी घरघर त्यांच्यातून येत होती.

पण सासरे घोरत नसत. हा घरातला कायदा होता. ते दुपारी डोळे मिटत आणि त्याच वेळी घरात एक आवाज होई. या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावायचा नसे. सासूनं संसाराच्या सुरुवातीला एकदा लावला होता. "मी तर जागा होतो," सासरे म्हणाले होते, आणि जागा माणूस घोरत नाही, म्हणून खटला तिथंच निकालात निघाला. पुढं मुलगी झाली, तीही वडिलांच्या बाजूची निघाली. सासूला जन्मभर एक साक्षीदार मिळाला नाही.

टीव्ही तिसऱ्यांदा शांतता मागत होता. कानसेननं खिशातून फोन काढला. आवाज किती जाड किंवा किती बारीक आहे हे त्यात दिसे. त्यानं तो सासऱ्यांच्या दिशेनं धरला, आकडा बघितला, फोन हलवला, पुन्हा आकडा बघितला. त्याच्या चेहऱ्यावर रिपोर्ट चांगला आल्याचा भाव उमटला.

"साहेब," तो कुजबुजला, "रांगायला लागा."

"कशाला? डबा कुठाय खुर्चीत?"

"आहे की," कानसेन म्हणाला.

जावयानं एकदा सासऱ्यांकडे बघितलं, एकदा बायकोकडे. बायकोनं खांदे उडवले. तो रांगायला लागला. एका भिंतीनं कानसेन, दुसऱ्या भिंतीनं जावई, दोघांचे कान जमिनीपासून वीतभर. टीव्हीपाशी घोरणं पातळ येत होतं. सोफ्यामागं ते होतं, पण गढूळ. पडद्याखाली नुसता श्वास यायचा, घरघर गायब. जावयाला आपल्या सासऱ्यांचं इतकं लक्षपूर्वक ऐकायची ही पहिलीच वेळ होती.

तेवढ्यात सासू दारात आली. तिनं आधी जावयाकडे बघितलं, मग रांगणाऱ्या परक्या माणसाकडे, मग नवऱ्याकडे. बायकोनं तिला कानात सगळं सांगितलं. जावई अंग आक्रसून वाट बघत राहिला. सासूनं साडी खोचली आणि खाली बसली.

"तिथं काय शोधताय," ती हळूच म्हणाली. "मी भाजी निवडायला खिडकीत का बसते? तिथं आवाज येत नाही म्हणून. इस्त्री आत का करते? सगळ्यात जास्त कुठं येतो ते मला विचारा ना." आणि ती गुडघ्यांवर, आश्चर्य वाटावं इतक्या वेगानं, दारामागच्या कोपऱ्याकडे निघाली. चपलांच्या कपाटाशेजारी जाऊन तिनं फरशीवर बोट टेकवलं. "इथं. इथं चपला घालताना मला रोज वाटतं, पावसाची चिन्हं आहेत."

जावयानं तिथं कान नेला. घोरणं त्या कोपऱ्यात संपूर्ण होतं. त्याला सुरुवात होती, पोट होतं आणि शेवट होता. कानसेनही आला. तिघं डोकी जवळ आणून ऐकत राहिले.

घरघर थांबली.

"काय हरवलं?" सासऱ्यांनी विचारलं.

कुणी उठायला तयार नव्हतं, कारण उठलं की उत्तर द्यावं लागलं असतं. "माझं कानातलं," सासू म्हणाली.

"मग तिथं काय बघता सगळे एका ठिकाणी? पांगा." आणि त्यांनी खुर्चीतून शोधमोहीम हाती घेतली. कानसेनला सोफ्याखाली घातलं, जावयाला टीव्हीमागं. मुलीला टॉर्च आणायला पाठवलं. बराच वेळ गेल्यावर त्यांचं सासूकडे लक्ष गेलं. "अगं, दोन्ही कानातच आहेत की तुझ्या."

"बघा," सासू उठत म्हणाली. "तुम्ही जागे झालात म्हणून सापडलं."

"मी जागाच होतो," सासरे म्हणाले.

रविवारी संध्याकाळी कानसेन हातगाडी घेऊन आला. निकाल विरुद्ध गेला तर डबा लगेच नेता यावा म्हणून. रिकामा खोका जावयानंच दाराशी आणून ठेवला होता. डबा आता दारामागं, चपलांच्या कपाटाशेजारी होता. तिथं तो कुठल्याही कोनातून वाईट दिसत होता. सासू भाजी निवडायचं ताट घेऊन मुद्दाम हॉलमध्ये बसली. बायको सोफ्याच्या कडेवर.

बोट पुन्हा बुडाली.

आधी सासऱ्यांच्या हातातल्या पेपरची खालची कड थरथरली. मग त्यांच्या चष्म्याची काडी. मग सासऱ्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि बोट पूर्ण तळाला जाईपर्यंत काढले नाहीत. बुडालेल्यांतलं कुणीतरी वर आलं, संगीत वाजलं, आणि सासऱ्यांनी सिनेमा थांबवायची खूण केली.

"हं," ते म्हणाले. सासऱ्यांच्या 'हं'चे चार-पाच प्रकार होते. हा कुणी पूर्वी ऐकलेला नव्हता. "आवाज आला. पण ही जागा कुणी काढली? दारामागं, चपलांत, कुठला शहाणा माणूस डबा ठेवेल? कशावरून काढलीत?"

कानसेन पंख्याकडे बघायला लागला. "बाबा, ते मशीन असतं ना," बायकोनं सुरुवात केली.

"सांगा जावईबापू," सासू मध्येच म्हणाली. तिच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली होती. "ते तुम्हाला विचारतायत."

मशीननं काढली म्हटलं असतं तर भागलं असतं. बायकोनं उत्तर तयार करून हातात दिलं होतं. खरं बोलावं तर कायदा मोडणार, आणि कायदा मोडणाऱ्याचा डबा या हॉलमध्ये कोण ठेवून घेणार? जावयानं खोक्याकडे बघितलं. पण मशीननं जागा काढली म्हटलं तर डबा मशीनचा झाला. गुडघे मात्र त्याचे दुखत होते.

"बाबा, तुम्ही काल दुपारी घोरत होतात," तो म्हणाला. "त्यावरून काढली. खोलीभर रांगून."

सासूच्या डोळ्यांत, इतकी वर्षं चालून आता निकाली निघालेल्या खटल्याचं पाणी आलं.

सासऱ्यांनी जावयाकडे बघितलंच नाही. ते कानसेनकडे वळले. "तुम्ही ऐकलंत?"

"मोजलं," कानसेन म्हणाला.

"किती?"

"बेचाळीस."

"शंभरपैकी?"

"हर्ट्झ. यात जितकं कमी तितकं भारी. इतकं खाली जाताना भले भले डबे फाटतात. आणि या डब्याला तिथवर जायला पोटात अ‍ॅम्प्लिफायर लागतो."

"आणि मला?"

"तुम्ही बिना अ‍ॅम्प्लिफायरचे."

सासऱ्यांनी मान सावकाश वर केली. मग ते सासूला म्हणाले, "ऐकलंस?"

"इतकी वर्षं मी दुसरं काय सांगतेय!"

"तू नुसतं घोरता म्हणायचीस. आकडा कधी दिलास?"

सासूनं शेंग ताटात आपटली. तिच्या बाजूचा निकाल लागता लागता आरोपीचा सत्कार झाला होता.

"राहू दे," सासरे जावयाला म्हणाले. "खोका माळ्यावर टाका."

डबा राहिला. पुढच्या पंधरवड्यात घरी येणाऱ्या प्रत्येकाला सासरे तो दाखवायचे, पण दाखवताना जावयाचं नाव हळूहळू गळत गेलं. "माझ्या आवाजावर बसवलाय," ते म्हणायचे. "बेचाळीस. बिना अ‍ॅम्प्लिफायरचा." पाहुण्यांना पटलं नाही तर प्रयोग करून दाखवायचे. प्रयोग असा की सासरे खुर्चीत डोळे मिटून बसत आणि जावई रांगत कोपरा शोधून काढी. त्यानं कोपरा पहिल्याच फेरीत शोधला की त्यांना राग येई. नीट सगळीकडे ऐकून मग तिथं जावं असा त्यांचा आग्रह असे.

एका दुपारी शेजारचे इंजिनिअर आले. भिंतीपलीकडून त्यांनी डबा पुष्कळ ऐकला होता. आता बघायला आले. प्रयोग सुरू झाला आणि सासऱ्यांना प्रयोगातच खरोखर झोप लागली. इंजिनिअरांनी थोडा वेळ उभ्यानं बघितलं. मग पॅन्ट वर ओढून तेही खाली बसले आणि रांगायला लागले. त्यांनी खोलीला दोन फेऱ्या घातल्या, फरशीवर टिचक्या मारल्या, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत वितींनी माप घेतलं.

"चुकलंय," ते म्हणाले. "मी जन्मभर पूल बांधले, मला कंपनं कळतात. हा डबा हातभर अलीकडे पाहिजे." आणि त्यांनी दोन्ही हातांनी डबा धरला.

सासू स्वयंपाकघराच्या दारात थांबली. बायकोनं तोंड उघडलं आणि सवयीनं खुर्चीकडे बघितलं. इंजिनिअरांनीही खुर्चीकडेच बघितलं. घरातल्या वस्तूंचं तिथं ठरतं, हे भिंतीपलीकडेही माहीत होतं. खुर्चीतून नुसती घरघर येत होती.

"डबा सोडा काका," जावई म्हणाला. तो अजून रांगण्याच्याच अवस्थेत होता. उठून उभं राहायचं त्याच्या लक्षात आलं नाही. "तो हलणार नाही."

"पण माझ्या हिशेबानं..."

"हिशेब मी केलाय. तिथंच राहील."

इंजिनिअरांनी एक हात काढला, त्यानंतर दुसरा. फरशीवर तळवे टेकवून ते कण्हत उठायला लागले, अर्ध्यावर थांबले, आणि गुडघे चोळत म्हणाले, "बरं बाबा. मग सिनेमा लावणार असशील तर मी कुठं बसू, तेवढं सांग."

जावयानं खोलीभर नजर फिरवली. टीव्हीपाशी नको. पडद्याखाली तर नकोच. त्यानं सोफ्याच्या डाव्या टोकाकडे बोट केलं. इंजिनिअर निमूट जाऊन तिथं बसले.